मूल होत नाही, मग तपासणी एकटीचीच का?

मागच्या अंकात पाळीच्या तक्रारींवर लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की दिवस राहत नसतील तर त्याबद्दलही मोकळेपणाने विचारा, तर त्यानंतर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळ्यांना उत्तरं देणं एका अंकात तरी जमणार नाही. त्यातली काही निवडलीत. नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय, आणि मजकूर थोडा कमी केलाय. वाचताना एक गोष्ट मात्र सारखी खुपत होती. बाईची फाईल दोन बोटं जाड, त्यात सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट, ट्यूबचा एक्स-रे सगळं, आणि नवऱ्याचा एक कागदही नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं ओपीडीत बसून मी हेच बघत आलेय आणि मला त्याचा खरंच राग येतो, म्हणून पहिलं पत्र तेच घेतलंय.

प्रश्न (बार्शी): ताई, माझं वय २९, मिस्टर ३३. लग्नाला चार वर्षं झाली. पाळी रेग्युलर येते, २८-३० दिवसांनी. सोनोग्राफी, थायरॉइड नॉर्मल, ट्यूबचा एक्स-रे काढला त्यात दोन्ही ट्यूब मोकळ्या आल्या. आता डॉक्टर म्हणतायत दुर्बिणीतून बघून घेऊ. मिस्टरांची एकही टेस्ट झालेली नाही, ते म्हणतात मला काय धाड भरलीय. सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही. दुर्बीण करून घेऊ का?

उत्तर: थांबा, आत्ता नको. पाळी वेळेवर आहे, ट्यूब मोकळ्या आहेत, पाळीत किंवा संबंधाच्या वेळी फार दुखतं असंही तुम्ही लिहिलेलं नाही, मग दुर्बिणीची घाई कशासाठी? त्यात पूर्ण भूल, पोटाला दोन-तीन छिद्रं आणि हजारोंचा खर्च. आणि मिस्टरांची वीर्यतपासणी म्हणजे एक डबी आणि हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च, सिव्हिल हॉस्पिटलला त्याहून कमी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत कारण पूर्ण किंवा काही प्रमाणात नवऱ्याच्या बाजूचं निघतं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत (बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने) की दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायची असा साधा नियम आहे. तुमच्याकडे चार वर्षं गेली आणि अर्धी तपासणी अजून सुरूच झालेली नाही.

मिस्टरांशी बोलताना "तुमच्यात काही आहे का बघू" असं नका म्हणू, लगेच पारा चढतो. "दोघांचे रिपोर्ट असल्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही" एवढंच सांगा, आणि ते खरंच तसं आहे. नाहीच ऐकलं तर पुढच्या व्हिजिटला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना बोलू द्या. बऱ्याच पुरुषांच्या मनात भीती असते की रिपोर्ट खराब आला म्हणजे आपण पुरुषच नाही. संबंध नीट होतात, ताकद आहे, दाढीमिशी आहे, आणि तरी शुक्राणू कमी असू शकतात, कारण या दोन गोष्टी शरीरात वेगवेगळ्या चालतात. उलटही असतं.

सॅम्पल द्यायच्या आधी २ ते ७ दिवस वीर्य बाहेर गेलेलं नसावं, त्याहून कमीही नको आणि जास्तही नको. डबी लॅबचीच घ्यायची. तेल, थुंकी, साधा कंडोम काही वापरायचं नाही, त्याने शुक्राणू मरतात. आणि सगळंच्या सगळं डबीत पडलं पाहिजे, खास करून पहिला भाग, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात, सांडला असेल तर लाजू नका, लॅबवाल्याला तसं सांगा म्हणजे ते लिहून घेतात. लॅबच्या संडासात, बाहेर लोक रांगेत उभे, आतून कडी लागत नाही, अशा ठिकाणी कित्येकांना जमतच नाही आणि मग तो माणूस परत त्या लॅबची पायरी चढत नाही. घर जवळ असेल तर घरी घेऊन तासाभरात पोचवलं तरी चालतं, डबी बर्फात ठेवायची नाही, शर्टाच्या आत अंगाजवळ ठेवून न्यायची. हे आधी विचारून घ्या, चांगल्या लॅब परवानगी देतात.

रिपोर्ट हातात आला की लोक गूगल करतात आणि घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी धरतात, वीर्य १.४ मिलि, एका मिलिमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले हलणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि नॉर्मल आकाराचे फक्त ४ टक्के. हो, चारच. "९६ टक्के खराब आहेत" म्हणून रडत आलेली जोडपी मी पाहिलीत आणि त्यांचा रिपोर्ट नॉर्मल होता. शिवाय एका रिपोर्टवर काहीच ठरवायचं नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मध्ये डेंग्यू टायफॉइड होऊन गेला असेल, भट्टीजवळ किंवा बॉयलरजवळ काम असेल, तंबाखू-गुटखा-दारू असेल तर आकडा खाली येतो. कमी आला तर कारण असेल ते बंद करून तीनेक महिन्यांनी परत तपासायचं. दुसऱ्यांदाही कमी आला तर पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणाऱ्या युरॉलॉजिस्टकडे, ते हाताने तपासतात, व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा हाताला लागतायत का बघतात. नुसत्या डॉपलर सोनोग्राफीवर दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या बारीक व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून उपयोग होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

सासूबाईंना माझ्याकडून सांगा, घराण्यात कुणाला नव्हतं याने काही सिद्ध होत नाही. आधी तपासायचेच नाहीत, तर कळणार कसं?

प्रश्न (पिंपरी): मॅडम मी ३१ वर्षांचा आहे. दोन वर्षं जिम करतोय, ट्रेनरने सांगितलं म्हणून मध्ये आठ-नऊ महिने इंजेक्शनं घेतली. बायकोने आग्रह केला म्हणून टेस्ट केली तर काउंट निल आला. घरी कुणालाच सांगितलं नाहीये. आता मला कधीच मूल होणार नाही का?

उत्तर: बायकोला आजच सांगा. ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसली असेल आणि तुम्हाला कारण माहितीये.

ट्रेनरने दिलेली ती इंजेक्शनं बहुतेक टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच जातीच्या स्टेरॉइडची असणार. मेंदूतून अंडकोषाला शुक्राणू बनवण्याचा हुकूम जातो तो एफएसएच आणि एलएच या दोन हार्मोनमधून, आणि रक्तात बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं काम झालंय, टाकी भरली की बॉलकॉक पाणी बंद करतो तसा तो हुकूम बंद होतो. अंडकोष थंड पडतात, कधी कधी आकारानेही लहान होतात, आणि काउंट शून्यावर येतो. बाहेरून दंड फुगलेले दिसतात म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काउंट कमी आहे म्हणून काही ठिकाणी टेस्टोस्टेरॉनच लिहून देतात, ते तर अजिबात घ्यायचं नाही.

बंद केल्यावर बहुतेक तरुणांमध्ये सहा महिने ते वर्षभरात शुक्राणू परत दिसायला लागतात, काहींना दोन वर्षं लागतात. बंद केल्यावर सुरुवातीला थकवा, चिडचिड, इच्छा कमी होणं, मन खूप उदास होणं हे होतं, त्याला घाबरून परत इंजेक्शन घेणारे बरेच असतात, म्हणून हे डॉक्टरच्या नजरेखाली करा. गरज पडली तर ते एचसीजीची इंजेक्शनं किंवा क्लोमिफेन देतात. सोबत एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन तपासा. एफएसएच खूप वाढलेलं निघालं तर मात्र कारण जिमच्या पलीकडचं असू शकतं आणि मग गुणसूत्रांची तपासणी लागते. अगदी शून्य राहिलं तरी अंडकोषातून बारीक सुईने किंवा मायक्रोस्कोपखाली शुक्राणू शोधून काढता येतात, सगळ्यांना सापडत नाहीत पण अनेकांना सापडतात, आणि एकेक शुक्राणू एकेका अंड्यात सोडायची इक्सी ही पद्धत १९९२ पासून आहे. तुमच्याबाबतीत तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही. पण जिममधल्या बाकीच्या पोरांना सांगा हे, तुमचं ऐकतील ती.

प्रश्न (नाशिक): वय २७, पीसीओडी आहे, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. वजन ७४, उंची पाच फूट दोन. मिस्टरांचा रिपोर्ट चांगला आहे. सहा महिने गोळ्या घेतल्या, सोनोग्राफी एकदाही केली नाही, आता डॉक्टर डायरेक्ट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) म्हणतायत. दुसऱ्या डॉक्टरांनी लेट्रोझोल दिलं तर मेडिकलवाला म्हणाला ही कॅन्सरची गोळी आहे. खूप कन्फ्युज झालेय.

उत्तर: मेडिकलवाला खोटं बोलत नाही, लेट्रोझोल मूळची स्तनाच्या कॅन्सरची गोळी आहे, पण तिथे ती रोज, वर्षानुवर्षं देतात आणि इथे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फक्त पाच दिवस. २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली होती, नंतर ती उठली, आज पीसीओडीत अंडं फुटण्यासाठी पहिली गोळी जगभर तीच मानतात. २०१४ साली अमेरिकेत ७५० पीसीओडीच्या बायकांवरचा अभ्यास आला, त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्क्यांना मूल झालं आणि क्लोमिफेन ही अंडं फुटायची जुनी गोळी घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्क्यांना. तेव्हा निर्धास्त घ्या, फक्त दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून सुरू करायची.

आता मूळ मुद्दा. सहा महिने गोळ्या घेतल्या पण अंडं तयार झालं की नाही हे कुणी बघितलंच नाही, म्हणजे ते सहा महिने उपचारात धरायचेच कसे? गोळी सुरू केली की पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी करायची, म्हणजे अंडं किती वाढतंय ते सोनोग्राफीवर बघायचं, फॉलिकल (अंडं असतं ती पाण्याची गाठ) १८ ते २० मिमीच्या आसपास गेलं की अंडं फुटायचं इंजेक्शन किंवा नुसती वाट, आणि त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध. अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि फुटतं तो दिवस एवढेच दिवस उपयोगाचे असतात. डोस कमी पडला तर पुढच्या पाळीला वाढवतात. अंडं नीट फुटतंय असे पाच-सहा महिने जाऊन दिवस राहिले नाहीत तर मग इंजेक्शनं किंवा आयव्हीएफचा विचार, आणि त्याआधी ट्यूब मोकळ्या आहेत का ते बघायलाच हवं, ते तुमच्या पत्रात दिसलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असताना, थेट आयव्हीएफवर उडी मारायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

वजनाचं तुम्हाला येताजाता सगळे ऐकवत असतील म्हणून मी कमीच बोलते. ७४ चे ७० झाले तरी पुष्कळ जणींची पाळी आपली आपण सुधारते. पन्नाशीवर यायची गरज नाही. आणि फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासूनच रोज एक, दिवस राहायची वाट बघत बसू नका.

प्रश्न (गाव नको म्हणून लिहिलंय): आमच्या सुनेला दोन मुली आहेत. आयव्हीएफ केलं की मुलगाच होईल असं करता येतं असं कळलं. कुठे होतं ते सांगाल का?

उत्तर: नाही सांगणार. भारतात हा गुन्हा आहे, गर्भ राहायच्या आधी निवड करणंसुद्धा, आणि त्यासाठी तुरुंगवास आहे. गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा आपल्याच महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, मग १९९४ ला केंद्राचा आला. कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर तो तुम्हाला फसवतोय किंवा तुमच्या सुनेला गुन्ह्यात आणि नको त्या इंजेक्शनांत ओढतोय. मुलगा की मुलगी हे शुक्राणूवरून ठरतं, सुनेच्या हातात त्यातलं काहीच नाही. त्या दोन नातींना हे पत्र वाचायला मिळू नये एवढीच माझी इच्छा आहे.

प्रश्न (परभणी): वय २६. पाळीत अंगावरून जाणं वर्षभरात अगदी कमी झालंय, एकच दिवस जेमतेम. ट्यूबच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बंद आणि पाणी भरलंय म्हणाले. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला, टीबी पीसीआर पॉझिटिव्ह. मला खोकला नाही, ताप नाही, मग टीबी कसा? घरी सांगायची भीती वाटते.

उत्तर: घरी सांगा, हा कुणाला लागणारा टीबी नाहीये. लहानपणी कधीतरी फुप्फुसात शिरलेला जंतू रक्तातून ट्यूबपर्यंत जातो, फुप्फुसातला बरा होऊन जातो आणि कळतही नाही, ट्यूबमधला मात्र गुपचूप काम करत राहतो. आपल्याकडे ट्यूब बंद होण्याचं हे मोठं कारण आहे आणि बहुतेकींना मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं.

आधी एक तपासून घ्या. नुसता पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता जिवंत आजार असंच नसतं, मेलेल्या जंतूंचे अवशेषसुद्धा तो पकडतो. तुमच्याकडे पाळी कमी झालीये आणि ट्यूब फुगून बंद आहेत म्हणजे संशय पक्काच आहे, पण कल्चर (जंतू वाढवून बघणं), जीनएक्स्पर्ट ही टीबीची दुसरी तपासणी आणि तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हे सगळं एकत्र ठेवून उपचार ठरला पाहिजे. ठरलाच तर सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत. लघवी नारिंगी-लाल होते, ती त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे, रक्त नाही ते, घाबरून गोळ्या सोडू नका. गर्भनिरोधक गोळ्या या औषधासोबत नीट काम करत नाहीत म्हणून कोर्स होईपर्यंत कंडोम वापरा.

कोर्सने आजार जातो, बंद ट्यूब मात्र बहुधा उघडत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण "गोळ्या संपल्या की राहतील दिवस" म्हणून दोन-दोन वर्षं थांबणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. तुमच्यासाठी रस्ता आयव्हीएफचा आहे. त्यातही ट्यूबमध्ये साठलेलं ते पाणी पिशवीत झिरपतं आणि गर्भ रुजू देत नाही, म्हणून आयव्हीएफच्या आधी दुर्बिणीतून त्या ट्यूब काढतात किंवा पिशवीजवळ क्लिप लावून बंद करतात. बार्शीच्या ताईंना मी दुर्बीण नको म्हटलं आणि तुम्हाला हवी म्हणतेय, कारण इथे तिचं नेमकं काम आहे. पाळी इतकी कमी झालीये म्हणजे पिशवीचं अस्तर चिकटलंय का तेही हिस्टेरोस्कोपी करून, म्हणजे खालून पिशवीत दुर्बीण घालून, बघावं लागेल. ते किती शिल्लक आहे यावर पुढचं बरंच ठरतं. आणि या सहा महिन्यांत मिस्टरांची तपासणी करून ठेवा, तो वेळ फुकट घालवू नका.

प्रश्न (कुडाळ): मी ३८, हे ४३. एएमएच ०.८ आलंय. प्रायव्हेट क्लिनिकमध्ये पहिल्याच भेटीत सांगितलं की स्वतःच्या अंड्यांनी होणार नाही, डोनर एग घ्या, पॅकेज आहे, लवकर बुक केलं तर डिस्काउंट. यांच्या रिपोर्टबद्दल विचारलंच नाही. आंब्याची कलमं गहाण टाकायचा विचार चाललाय. काय करू?

उत्तर: कलमं गहाण टाकायच्या आधी हे वाचा.

एएमएच हा रक्ततपासणीतला आकडा सांगतो की इंजेक्शनं दिल्यावर अंडी साधारण किती निघतील. अंड्याचा दर्जा कसा आहे, मूल होईल की नाही, हे तो सांगत नाही, दर्जा मुख्यतः वयावर जातो. ०.८ म्हणजे अंडी कमी निघतील, कदाचित दोन-तीन, आणि अडतिसाव्या वर्षी त्यातलं एखादं चांगलं असू शकतं किंवा नसूही शकतं. खोटी आशा मी दाखवणार नाही, पस्तिशीनंतर शक्यता उतरत जाते आणि सदतीस-अडतीसनंतर भराभर. पण पाळी येतेय, तर स्वतःच्या अंड्यांनी एक प्रयत्न करायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क तुम्हा दोघांचा आहे, आणि तो आकडे समोर ठेवून, दोघांच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर. यांचा रिपोर्ट न बघता डोनर एग सुचवणं हे मला पटलेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, पण याच महिन्यात, गणपतीनंतर दिवाळीनंतर करू नका.

खर्चाचं बोलायचं तर आपल्याकडे प्रायव्हेटमध्ये एका सायकलला साधारण दीड ते अडीच लाख येतात. पॅकेजमध्ये नेमकं काय आहे ते लेखी मागा, इंजेक्शनं धरलीत का (तिथेच मोठा आकडा असतो), इक्सी, भूल, उरलेले गर्भ फ्रीज करणं, त्याचं वर्षाचं भाडं, पुढच्या वेळी तो फ्रोजन गर्भ सोडायचा खर्च. "आमचा सक्सेस रेट ७० टक्के" असं म्हणाले की विचारा, कशाचा? टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचा की मूल घरी नेल्याचा, आणि ३८ वयाच्या, स्वतःची अंडी वापरणाऱ्या बायकांचा किती? उत्तर नीट देतात की विषय बदलतात, यावरून बरंच कळतं. पॅकेजवर वरून जोडलेल्या जादा गोष्टींबाबतही विचारा. पिशवीच्या अस्तराला ओरखडा काढायचा प्रकार कित्येक वर्षं सर्रास चालला आणि २०१९ साली तेराशेहून जास्त बायकांवरच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की त्याने काहीच फरक पडत नाही. तरी बिलात तो अजून दिसतो.

क्लिनिक कायद्याने नोंदलेलं आहे का ते सर्टिफिकेट भिंतीवर बघा. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा २०२१ चा एआरटी कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या बाईचं वय ५० आणि पुरुषाचं ५५ पर्यंतच चालतं. पुढे डोनर एग घ्यायचं ठरलंच तर अंडं देणारी बाई २३ ते ३५ वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, सातपेक्षा जास्त अंडी काढता येत नाहीत आणि तिचा विमा काढावा लागतो. मूल कायद्याने तुमचं दोघांचंच, तिचा त्यावर हक्क नसतो. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त तो निर्णय काउंटरवरच्या डिस्काउंटने होऊ नये.

आणि तुम्ही कुडाळच्या म्हणून मुद्दाम सांगते, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय. सिंधुदुर्गातली माणसं एरवी मोठ्या आजाराला तिथेच जातात. गोव्याबाहेरच्यांना घेतात का, यादी किती लांब आहे, हे आधी ओपीडीत जाऊन विचारून या, तुमच्याकडे थांबायला वेळ कमी आहे म्हणून ते महत्त्वाचं. मला नेहमी वाटतं, ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, महापालिकेच्या दवाखान्यात, आणि त्याच महाराष्ट्रात आज कुडाळच्या बाईला कलमं गहाण टाकायचा विचार करावा लागतो. जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात निदान वीर्यतपासणी, फॉलिक्युलर स्टडी आणि आययूआय (वीर्य तयार करून थेट पिशवीत सोडणं) एवढं तरी नीट मिळालंच पाहिजे, बऱ्याच जोडप्यांना पुढे जायची गरजही पडणार नाही.

प्रश्न (डोंबिवली): परवा एम्ब्रियो ट्रान्सफर झालं (आयव्हीएफचा गर्भ पिशवीत सोडला). आई म्हणते पंधरा दिवस पलंगावरून उतरायचं नाही, जिनाही नको. मी घरी टेस्ट करून बघू का? आज थोडा लाल डाग दिसलाय, खूप भीती वाटतेय.

उत्तर: पलंगावर पडून राहिल्याने गर्भ जास्त रुजतो असं कुठल्याच अभ्यासात दिसलेलं नाही. उठा, चाला, स्वयंपाक करा, जिना चढा, लघवीला गेल्यावर गर्भ पडत नाही. जड उचलू नका आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलला काही दिवस टाळता आलं तर टाळा, ते तुमच्या जिवाला बरं म्हणून. आईंना सांगा, काळजी घ्यायची तर तुमच्या जेवणाची आणि झोपेची घ्या.

घरची टेस्ट आत्ता नको. अंडी काढायच्या आधी जे ट्रिगर इंजेक्शन देतात त्यात बहुतेकदा एचसीजीच असतं आणि टेस्ट तेच हार्मोन पकडते, त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येते, आणि फार लवकर केली तर खोटी निगेटिव्हही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला रक्ताची बीटा एचसीजी करा, साधारण दोन आठवड्यांनी असते. डाग थोडासा असेल तर त्याने सगळं संपलं असं होत नाही, आतून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही येतो. पाळी आली असं समजून स्वतःच्या मनाने प्रोजेस्टेरॉन बंद करू नका, आधी क्लिनिकला फोन करा. पोट एकदम फुगलं, दम लागतोय, लघवी कमी होतेय असं काही झालं तर मात्र फोनवर थांबू नका, मिस्टरांना सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा, रात्र असली तरी.